याप्य की उपेक्षणीय? फुफ्फुसाचा प्रगत कर्करोग, वृद्ध रुग्ण आणि आपण

फुफ्फुसाचा कर्करोग झालेला वृद्ध रुग्ण तालुक्याच्या गावातील वैद्याकडे साधारणतः दोनदा येतो. प्रथम येतो तो न हटणारा कास, अरुची आणि भारक्षय घेऊन. त्या वेळी रोगाचे नाव कोणालाच ठाऊक नसते आणि पुष्कळदा क्षयाचे उपचार सुरू झालेले असतात. दुसऱ्यांदा येतो तो मोठ्या शहरातील रुग्णालयातून परतल्यावर. हातात फाइलींची पिशवी, सोबत मुलगा किंवा जावई, आणि एकच प्रश्न : "वैद्यराज, आता आपल्यात काही आहे का?" प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी भेट होय.

पहिल्या भेटीविषयी एवढेच सांगून पुढे जातो, की साठीपुढील व्यक्तीचा तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला कास, थुंकीतील रक्त किंवा विनाकारण बसलेला आवाज यांस केवळ कासघ्न योग देऊन निरोप देऊ नये. रुग्ण बिडी ओढत नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांतही हा रोग आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे २४.८ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे १८ लाख मृत्यू झाले. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहिले म्हणजे निदान किती उशिरा होते याची कल्पना येते.

उपेक्षा या शब्दाचा अर्थ

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती, आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. यातील प्रकृतिस्थ म्हणजे मरणोन्मुख, असा अर्थ टीकाकारांनी लावला आहे. दहाव्या अध्यायात असाध्य रोगाचे याप्य आणि अनुपक्रम असे दोन भेद करून, असाध्याची चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते असा इशाराही दिला आहे. या दोन स्थळांचा आधार घेऊन 'आमच्याकडे यावर काही नाही' असे सांगून रुग्णास परत पाठविणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. याच्या अगदी उलट वागणारेही पाहिले आहेत. ते नाडी पाहून सहा महिन्यांत गाठ विरघळविण्याचे आश्वासन देतात आणि सुवर्णकल्पांची यादी हातात ठेवतात. दोघेही एकच चूक करतात असे आमचे मत आहे. रोग असाध्य असला तरी रुग्णाची सर्व लक्षणे असाध्य नसतात, याचा विसर दोघांनाही पडलेला असतो.

उपेक्षा येथे रोगाच्या निर्मूलनाच्या आग्रहाची आहे, रुग्णाची नव्हे. श्वासकष्ट, मलावरोध, अनिद्रा, मुखपाक, वेदना यांतील प्रत्येक लक्षण स्वतंत्रपणे पाहिले तर बहुधा याप्य असते. रुग्णाचे उरलेले दिवस कसे जाणार हे याच लक्षणांवर ठरते. रोगास अर्बुद म्हणावे, उरःक्षत म्हणावे की राजयक्ष्म्याच्या एकादश रूपांत बसवावे, ही चर्चा परिषदेत अवश्य व्हावी. रुग्णाच्या खाटेपाशी तिचा उपयोग फार थोडा.

वय आणि बल

वृद्धत्व कोठे सुरू होते याविषयी आपल्या आचार्यांत एकमत नाही. चरकांनी मध्यम वयाची मर्यादा साठ मानली, सुश्रुतांनी सत्तर. आधुनिक कर्करोगतज्ज्ञांनी वृद्ध रुग्णांचे जे स्वतंत्र अभ्यास केले, त्यांपैकी अनेकांत सुश्रुतांचीच सत्तरी गृहीत धरलेली दिसते. या अभ्यासांची माहिती आपणास असणे अगत्याचे आहे, कारण 'या वयात केमो कशाला?' हा प्रश्न नातेवाईक कर्करोगतज्ज्ञापेक्षा आपणासच अधिक मोकळेपणाने विचारतात.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात सत्तरीपुढील रुग्णांना व्हिनोरेलबिन हे एकच औषध दिले असता, केवळ लक्षणानुसार उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे मध्यम आयुर्मान २१ ऐवजी २८ आठवडे भरले आणि जीवनाची गुणवत्ताही अधिक चांगली राहिली. २०११ साली फ्रान्समधील अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या ४५१ रुग्णांत दोन औषधे एकत्र देणे आणि एकच औषध देणे यांची तुलना झाली. आयुर्मान ६.२ महिन्यांवरून १०.३ महिन्यांवर गेले, परंतु विषारी परिणामही वाढले. पुढे २०१६ साली फ्रान्समध्येच असे पाहिले गेले, की केवळ वय व कार्यक्षमता यांवरून उपचार ठरविण्याऐवजी वृद्धाची स्मृती, पोषण, दैनंदिन क्रिया, मनःस्थिती आणि सहव्याधी यांची सर्वांगीण परीक्षा करून ठरविले तर काय होते? आयुष्य वाढले नाही; मात्र औषधांच्या विषारी परिणामांचा त्रास कमी झाला.

दशविध परीक्षा शिकलेल्या वैद्यास हे वाचून संतोष वाटेल. वय, सत्त्व, सात्म्य, आहारशक्ती, व्यायामशक्ती ही सारी तेथे आहेत. तथापि 'आमच्या ग्रंथांत हे आधीच होते' एवढे म्हणून थांबणे बरे नव्हे. आपल्यापैकी किती जण कर्करोगाच्या वृद्ध रुग्णाची दशविध परीक्षा लिहून काढून कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवितात? ज्यांनी पाठविली त्यांना उत्तर आले आहे, असा आमचा अनुभव आहे. मागील महिन्यापर्यंत हे गृहस्थ स्वतः बाजारात जात होते, गेल्या पंधरवड्यात मात्र अर्धा दिवस खाटेवर असतात, ही माहिती शहरातील तज्ज्ञास दहा मिनिटांच्या तपासणीत मिळत नाही. आपणास ती शेजारी असल्यामुळे मिळते.

याहून महत्त्वाचा अभ्यास २०१० साली अमेरिकेतील बोस्टन येथे प्रसिद्ध झाला. पसरलेला फुफ्फुसाचा कर्करोग नुकताच निदान झालेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना कर्करोगाच्या उपचारांबरोबर आरंभापासूनच परिहारक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, देण्यात आली. त्यांचे जीवनमान सुधारले, विषाद कमी झाला, अखेरच्या काळातील आक्रमक उपचार त्यांनी कमी घेतले. तरीही त्यांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने होते, इतरांचे ८.९. अशी सेवा 'सर्व संपल्यावर' देण्याची गोष्ट आहे ही समजूत यामुळे निराधार ठरते. म्हणून दुसऱ्या भेटीची वाट न पाहता, उपचार चालू असतानाच रुग्णाने आपल्याकडेही यावे असे आम्ही सांगतो.

दिवस मोजणे

जीवनाची गुणवत्ता मोजण्यासाठी युरोपीय संस्थेची ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली आणि फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी तिला जोडलेले १३ प्रश्न जगभर वापरले जातात. मूळ प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे. संशोधनासाठी ती आवश्यक होय. रोजच्या चिकित्सेत आम्ही पाचच गोष्टी विचारतो : रात्री किती वेळ झोप लागली, सकाळी शौचास साफ झाले का, स्वतः किती पावले चाललात, काय खावेसे वाटले, आणि आज करावीशी वाटणारी कोणती गोष्ट राहून गेली? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रुग्णाने स्वतः द्यावयाचे, नातेवाइकांनी नव्हे.

एक ७४ वर्षांचे निवृत्त एस.टी. वाहक आमच्याकडे येत. त्यांचे उत्तर होते : "संध्याकाळी ओट्यावर बसायचं राहून जातं." वारा लागेल म्हणून घरच्यांनी त्यांना आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवले होते. सकाळी स्नानातच त्यांची सारी शक्ती संपे. आम्ही स्नान दुपारी, तेही स्टुलावर बसवून घालावयास सांगितले. खाट खिडकीशी नेली, चेहऱ्यावर वारा येईल असा टेबलफॅन ठेवविला. कर्करोगतज्ज्ञांनी दिलेल्या औषधांत काहीही बदल केला नाही. त्यानंतर काही आठवडे ते रोज अर्धा तास ओट्यावर बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांची चौकशी करीत. त्यांच्या सुनेने आम्हास विचारले, "औषध कोणतं दिलंत?" काहीच दिले नव्हते.

चेहऱ्यावरील वाऱ्याने श्वासकष्टाची जाणीव कमी होते हे अभ्यासांतून दिसून आले आहे. लहान हातपंखाही पुरतो. पुढे उशी घेऊन झुकून बसणे, ओठ मिटत आणून सावकाश उच्छ्वास सोडणे हेही शिकवावे. प्राणवायूविषयी मोठा गैरसमज आहे. कर्ज काढून ऑक्सिजनचे यंत्र घरी आणणारी कुटुंबे आम्ही पाहतो. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू कमी झालेला नाही अशा २३९ रुग्णांत नाकातून शुद्ध प्राणवायू आणि साधी हवा यांची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. दोहोंनी सारखाच आराम पडला. म्हणून आधी बोटाला ऑक्सिमीटर लावावा, मगच यंत्राचा विचार करावा. छातीच्या पोकळीत जल साचले असेल तर ते काढल्याने काही तासांत आराम मिळतो; पुनर्नवा देऊन वाट पाहत बसू नये. धूमपान चिकित्सा, तीक्ष्ण नस्य, खोलीतील धूप व उदबत्ती वर्ज्य समजावीत.

आहाराविषयी कुटुंबाशीच अधिक बोलावे लागते. खारीक, बदाम, तूप, च्यवनप्राश, प्रथिनांची डबाबंद पूड यांचा मारा प्रेमापोटीच होतो. येथे अग्नी मंद असतो आणि धातुक्षय रोगजन्य असतो. अधिक खाऊ घातल्याने तो भरून येत नाही. भाताची पेज, मुगाचे कढण, ताजे ताक, फोडणीचा मऊ भात, जे रुचेल ते, वाटीभर, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. खाल्ले नाही म्हणून रागावू नये. २०२३ साली पुदुच्चेरी येथील जिपमेर संस्थेने फुफ्फुस, जठर, यकृत व स्वादुपिंड इत्यादींच्या कर्करोगात अत्यल्प मात्रेतील ओलान्झापिनमुळे भूक व वजन वाढल्याचे प्रसिद्ध केले आहे. तज्ज्ञाने ते लिहिले असेल तर 'ही तर वेडाची गोळी' असे म्हणून रुग्णाचा विश्वास मोडू नये.

शोधन या अवस्थेत नाही. राजयक्ष्म्यात मलरक्षणाचा उपदेश आहे तो येथे तंतोतंत लागू पडतो. परंतु मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णात मलावरोध जवळजवळ निश्चित असतो, आणि त्यासाठी पहिल्या दिवसापासून अनुलोमन द्यावेच लागते. जगभरच्या परिहारक सेवेत त्यासाठी वापरली जाणारी प्रमुख वनस्पती आपलीच सोनामुखी आहे, हे किती जणांस ठाऊक आहे? इसबगोल मात्र अशा रुग्णास देऊ नये. पाणी कमी पिणाऱ्या, आतड्यांची गती मंदावलेल्या वृद्धात त्याचा गोळा होऊन अवरोध होण्याचे भय असते. औषधालयात इसबगोल चिठ्ठीशिवाय मागितले जाते, म्हणून औषधालय चालक बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मॉर्फिन म्हणजे शेवट, असे लोक मानतात. वैद्यांनी तरी मानू नये. अहिफेन आपणास नवे नाही. शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत त्याचे स्थान निर्विवाद आहे. श्वासकष्टासाठी तज्ज्ञ ते निवडक रुग्णांत अल्प मात्रेत देतात. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन वैद्यकीय उपयोगासाठीची वाट सुकर झाली. तरीही ते मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळते. आपल्या जिल्ह्यात ते कोठे मिळते हे प्रत्येक वैद्याने शोधून ठेवावे. मुंबईत १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन आणि पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कार्य करणारे सिप्ला संस्थेचे केंद्र यांचे कार्य वाचकांपैकी अनेकांस परिचित असेल.

तीन प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. मान व चेहरा सुजून शिरा फुगल्यास तो साधा शोथ नव्हे, छातीतील महाशिरेवर दाब आला आहे. कंबरदुखीबरोबर पायांत दुर्बलता किंवा मूत्रावरोध आला तर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू दाबला जात आहे; अशा रुग्णास कटिग्रह समजून जोराचे मर्दन करणे किंवा मणका 'बसविणे' अत्यंत घातक होय, कारण रोगाने पोखरलेले हाड मोडू शकते. तिसरा प्रसंग तृष्णा, मलावरोध आणि अकस्मात आलेल्या भ्रमाचा. रक्तातील कॅल्शियम वाढल्याने असे होते, आणि तेव्हा प्रवाळ, मौक्तिक, शंख यांची भस्मे देणे म्हणजे आगीत तेल ओतणे ठरेल. थुंकीतून रक्त पडणाऱ्या रुग्णाच्या उशाशी गडद रंगाचा पंचा ठेवावयास आम्ही सांगतो. पांढऱ्या कापडावर थोडे रक्तही फार दिसते आणि रुग्ण व घरची माणसे भेदरून जातात.

औषधे एकमेकांना भेटतात तेव्हा

आता गोळ्यांच्या रूपात घेता येणारी लक्ष्यवेधी औषधे आली आहेत. गेफिटिनिब, एर्लोटिनिब यांचे यकृतातील विघटन मुख्यत्वे सीवायपी३ए४ या विकरामुळे होते. पिप्पली व मरिच यांतील पिपरीन हे विकर मंदावते, तर गुग्गुळ ते वाढवू शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे त्रिकटू वा सितोपलादीसारखा निरुपद्रवी वाटणारा योगही येथे विचार करूनच द्यावयास हवा. या गोळ्यांच्या शोषणास जठरातील आम्लता लागते. त्यामुळे आम्लता घटविणारे कामदुधा, शंखभस्म इत्यादी कल्प तज्ज्ञास विचारल्याखेरीज त्यांच्याबरोबर देऊ नयेत. स्टेरॉइड घेणाऱ्या वृद्धात यष्टिमधूचा दीर्घकाळ वापर पोटॅशियम घटवून रक्तदाब वाढवितो. या गोळ्यांनी चेहऱ्यावर व छातीवर पुटकुळ्या येतात. त्यांस रक्तदुष्टी समजून गोळीच बंद करविणारे महाभाग आहेत! तसे मुळीच करू नये. शतधौत घृतासारखा सौम्य स्निग्ध लेप पुरेसा होतो, आणि त्रास अधिक असल्यास मूळ चिकित्सकास कळवावे.

उत्पादकांस एक स्पष्ट विनंती. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा समावेश आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा पत्रकातही करता येत नाही. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. हा कायद्याचा भाग झाला. परंतु सिस्प्लॅटिन घेतलेल्या सत्तरीच्या रुग्णाचे वृक्क आधीच थकलेले असतात. त्यास रसकल्प देताना घटकांची नावे व मात्रा वेष्टनावर स्पष्ट नसतील, तर वैद्य आणि रुग्ण दोघेही अंधारात राहतात.

सांगावे की सांगू नये

"बाबांना काही सांगू नका, टीबी म्हणा," ही विनंती प्रत्येक घरातून येते. इंद्रियस्थानात आचार्यांनी, अरिष्टे दिसत असूनही न विचारता मृत्यू सांगू नये आणि ऐकणाऱ्यास आघात होईल तेथे विचारल्यावरही सांगू नये, असे म्हटले आहे. हा आधार पुष्कळ जण पुढे करतात. आमच्या मते तो उपदेश मृत्यूची वेळ घोषित करण्याविषयी आहे. व्याधीचे नाव लपविण्याविषयी नाही. त्या काळी रुग्णास किमोथेरपीची संमती द्यावी लागत नव्हती, जमिनीचे कागद कोणाच्या नावे करावयाचे हे ठरविण्याची घाईही नसे. आम्ही नातेवाइकांस सांगतो, की आम्ही आपण होऊन काही बोलणार नाही, परंतु बाबांनी थेट विचारले तर खोटेही सांगणार नाही. बहुतेक घरे हे मान्य करतात. आणि बाबांना बहुधा सारे ठाऊक असते. तेही मुलांना त्रास नको म्हणून गप्प राहिलेले असतात. रुग्णाच्या इच्छेस आता कायद्याचेही बळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली जीवनेच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. खर्चाविषयीही याच बैठकीत बोलावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाचे अनेक उपचार होतात, हे ठाऊक नसल्याने शेत विकणारे लोक आजही भेटतात.

अखेरच्या दिवसांत औषधे कमी करीत न्यावीत. रक्तदाब, मेद, बृंहण यांसाठीचे कल्प चिकित्सकाच्या संमतीने बंद करावेत. वेदना, श्वास आणि घबराट यांवरील औषधे ठेवावीत. तैलगंडूष देऊ नये, कारण गिळण्या-थुंकण्याची शक्ती नसताना तेल श्वासमार्गात जाते. ओल्या मऊ कापडाने मुख पुसावे, ओठांना तूप लावावे, दर दोन तासांनी कूस बदलावी. भूक व तहान ओसरणे हा या अवस्थेचा भाग आहे हे घरच्यांस आधीच सांगून ठेवावे, म्हणजे सलाइनसाठी रात्री धावाधाव होत नाही. आम्ही तेराव्यानंतर एकदा त्या घरी जातो. रुग्णाची सेवा करणारी पत्नी किंवा सून पुष्कळदा स्वतःच आजारी पडलेली असते. तिची नाडी पाहतो, झोप विचारतो, आणि मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या कुठे आहेत ते विचारून त्या ज्या केंद्रातून आणल्या तेथे परत पाठवावयास सांगतो.